बिनदुखण्याचा बुधवार

राजारामपुरीत दवाखान्यांना तोटा नाही. गल्लीच्या ह्या टोकाला एक पाटी, त्या टोकाला दुसरी, मधे क्लासच्या पोरांच्या सायकली. पण डॉक्टर मृत्युंजय स्वामींनी शहाण्णव साली दवाखाना थाटला तेव्हा पाटीखाली एक ओळ अशी लिहून घेतली की येणारा-जाणारा थांबून वाचायचा आणि हसायचा. 'बुधवारी दुपारी चार ते सात, ज्यांना काही होत नाही त्यांच्यासाठी.' ज्याला काही होत नाही तो मरायला दवाखान्यात कशाला जाईल, असं समोरच्या पानपट्टीवर चालायचं. महिन्याभरात त्याला नाव पडलं, बिनदुखण्याचा बुधवार. कोल्हापुरात एकदा नाव पडलं की ते पुसत नाही.

त्या बुधवारला शिवम्मा सात वर्षं गेली. महिन्यातला पहिला बुधवार, एकही खाडा नाही. आणि त्या सात वर्षांत तिच्या नावाचा कागद तिथं एकदासुद्धा निघाला नाही. ती जायची ती नवऱ्याबरोबर, पिशवी धरायला.

नवरा सिद्धाप्पा. घराणं कुरुंदवाडचं, धंदा गुळाचा, दुकान मार्केट यार्डात. ढेपेला टोकरून खडा काढायचा, जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचे आणि गूळ कुठल्या अंगाचा, चुना किती पडलाय ते सांगायचं, ह्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. असल्या माणसाला चोपन्नाव्या वर्षी शुगर निघाली. यार्डातल्या लोकांना काय, आयताच विषय मिळाला. सिद्धाप्पा हसला नाही आणि चिडलाही नाही. त्या दिवसापासून तो खडा चाखून थुंकायला लागला, एवढंच.

"आप्पा, आता तुम्ही दर महिन्याला यायचं," डॉक्टर म्हणाले.

"काय दुखंल तवा येतो की."

डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढली. पोरगेलं वय, पण समजावून सांगायची चिकाटी मोठी. "दवाखान्यात येणं तीन तऱ्हेचं असतं बघा. ताप आला, पोट दुखलं म्हणून येतात ती एक तऱ्हा. दिलेल्या औषधानं उतार पडला का ते दाखवायला येतात ती दुसरी. आणि काहीच दुखत नसताना, पुढं दुखू नये म्हणून यायचं ती तिसरी. तुमचा आजार न दुखणारा आहे. तो दुखायची वाट बघत बसलासा तर फार उशीर हुईल."

सिद्धाप्पानं मान डोलवली. डॉक्टरांचं सगळं तो ऐकायचा, आणि ह्याला कारण होतं. मृत्युंजय म्हणजे कुरुंदवाडच्या मठातल्या थोरल्या स्वामींचा मुलगा. घराणं जंगमाचं, सिद्धाप्पाच्या घराण्याचे गुरू. थोरले स्वामी घरी आले की सिद्धाप्पा परातीत त्यांचे पाय धुवायचा, आणि ते पाणी तीर्थ म्हणून घरादारानं घ्यायचं. बापाच्या काळापासून चालत आलेलं. हा मृत्युंजय चड्डीत होता तेव्हासुद्धा सिद्धाप्पा त्याला वाकून नमस्कार करायचा. आता त्याला तो डॉक्टरस्वामी म्हणायचा.

तर ह्या डॉक्टरस्वामींनी पहिल्याच बुधवारी रक्त बघितलं, दाब बघितला, डोळ्यात बॅटरी मारली, आणि मग टाचणी-कापूस घेऊन सिद्धाप्पापुढं खाली जमिनीवर बसले.

"चप्पल काढा. पाय द्या इकडं."

सिद्धाप्पानं दोन्ही पाय झटकन स्टुलाखाली ओढून घेतले.

"शुगरवाल्याच्या पायाला लागलेलं कळत न्हाय, आप्पा. दर खेपेला तळवा बघावा लागतो."

"तुमच्या वडलांच्या पायाचं पाणी पिऊन मी वाढलोय. आणि माझा पाय तुमच्या मांडीवर?" सिद्धाप्पा उठूनच उभा राहिला. "कुठं फेडू हे? न्हाय जमायचं."

"हा मठ न्हाय. दवाखाना हाय."

"माणसं तीच हायती की."

डॉक्टरांनी सगळं करून बघितलं. नर्सबाई बघतील म्हणाले, तर लेकीच्या वयाच्या पोरीच्या हातात पाय द्यायचा नाही. दुसऱ्या डॉक्टरकडं चिठ्ठी देतो म्हणाले, तर घरचा देव सोडून गावात कुठं फिरू. असला हट्टी गडी. शेवटी डॉक्टर शिवम्माकडं वळले. त्यांनी कपाटातून एक हातआरसा काढला, प्लॅस्टिकच्या निळ्या मुठीचा, आणि तिच्या हातात दिला.

"आवा, मग हे काम तुमचं. रोज संध्याकाळी तळवा, टाच, बोटांच्या बेचक्या, सगळं बघायचं. चिरलेलं, फोड, काळं-निळं, काही दिसलं तर त्याच दिवशी मला सांगायचं. बुधवारची वाट बघायची न्हाय. जमंल?"

शिवम्मा शाळेची पायरी चढली नव्हती. डॉक्टरनं जोखमीचं काम आपल्यावर टाकलं म्हटल्यावर तिचा जीव सुपाएवढा झाला. "जमंल की," ती म्हणाली.

आणि जमलं. सिद्धाप्पा दुकानातून यायचा, पाय धुवायचा, कपाळाला भस्म लावून लिंगपूजेला बसायचा. पूजा झाली की दारालगतच्या लाकडी खुर्चीत बसून एक पाय पाटावर ठेवायचा. शिवम्मा खाली बसायची, पाय पंच्यानं टिपायची, आरसा धरायची, एकेक बोट वेगळं करून बघायची. मग दुसरा पाय. बघून झालं की म्हणायची, "निर्मळ हाय." तो म्हणायचा, "मग वाढ."

ह्या कामाला किती वेळ लागावा? पाच मिनिटं. पण पुढंपुढं पाऊण तास लागायला लागला. कारण सांगते. एकतीस वर्षांच्या संसारात हा माणूस बायकोशी बोलला होता तो जेवण वाढ, पिशवी दे, पावणं आल्यात, एवढंच. पाय तिच्या हातात दिला आणि त्याचं तोंड उघडलं. यार्डात सौद्याला आज कोण कुणावर ओरडलं, हमालाच्या लेकीचं लग्न कुठं ठरलं, असलं काय काय तो सांगायचा. ती हसली की आणखी सांगायचा. एकदा म्हणाला, "एक गोष्ट सांगू का? मला पवायला येत न्हाय. नदीकाठच्या गावचा मी, आणि जल्मात कमरंच्या वर पाण्यात गेलो न्हाय. कुणाला बोलू नकोस." शिवम्माला इतकं हसू आलं की आरसा हातातून निसटायची पाळी. सून पवित्रा स्वयंपाकघरातून डोकावून गेली, म्हातारा-म्हातारीला आज झालंय तरी काय.

सबंध दिवसात शिवम्मा त्या पाऊण तासासाठी जगायची, असं म्हटलं तर त्यात काही खोटं नाही.

दर पहिल्या बुधवारी डॉक्टर विचारायचे, "आवा, पाय?"

"निर्मळ."

"आणि तुमचा कागद कधी काढायचा? साठीला आलासा. डोळं, दाब, रक्त, एकदा बघून घिऊ की."

"मला काय धाड भरलीया?"

हे बोलणं इतक्या वेळा झालं की पुढं डॉक्टर नुसते तिच्याकडं बघायचे आणि ती नुसती हात झटकायची. भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता होता. तिनं त्याच्याकडं कधी मान वर करून बघितलं नाही.

दोन हजार एक साली शिवम्माला दिव्याभोवती कडं दिसायला लागलं. मग तांदळातला खडा नजरेला लागेना, ती बोटानं चाचपून निवडायला लागली. शेजारची अंबूबाई समोर येऊन उभी राहिली तरी बोलल्याशिवाय ओळखायची नाही. पवित्रा एकदा म्हणाली, "अत्ती, तुमास्नी दिसायचं कमी झालंय काय?" शिवम्मा तिच्या अंगावर गेली. "वय झालं की दिसायचं कमीच हुतंय. तुलाबी कळंल." कन्नड मुलखातनं आलेली गरीब पोर ती, पुन्हा बोलली नाही.

शिवम्माला कळत नव्हतं असं नाही. सगळं कळत होतं. आरशात आता तिला पाय दिसायचा नाही, पायाच्या आकाराचं काहीतरी दुधट दिसायचं. पहिल्यांदा तिनं खोलीतला दिवा मोठा लावून घेतला. मग आरसा जवळ घेतला. मग ती नुसती अंगठ्यानं तळवा चाचपायची, पण हातालासुद्धा कामानं घट्टे पडलेले. सांगावं, असं तिच्या मनात कितीदा आलं. पण सांगितलं की आरसा जाणार. मुलगा संगमेश म्हणेल, पवित्रा बघंल आजपासनं. आणि सुनेपुढं हा माणूस खुर्चीत बसून मला पवायला येत न्हाय असं थोडंच सांगणार आहे? तो पुन्हा म्हणेल, वाढ. पुन्हा पेपर तोंडापुढं धरेल. शिवम्मा मनाला समजवायची, आज निर्मळ होतं तर उद्याही असेल, इतकी वर्षं निर्मळच हाय की. आणि तोंडानं तेच म्हणायची.

दोन हजार तीनच्या जानेवारीत एका शनिवारी सकाळी पवित्रा अंथरुणं काढताना थबकली. सासऱ्याच्या चादरीवर पायथ्याला पिवळट-तांबडा डाग होता, आणि वास येत होता. ती चादर हातात घेऊनच बाहेर आली. सिद्धाप्पाला रात्रीपासून अंगात कसकस होती. तो खुर्चीत बसला होता. पवित्रानं खाली वाकून बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

रिक्षानं नेलं. बुधवार नव्हता. दवाखाना खोकणाऱ्या पोरांनी आणि तापकऱ्यांनी भरलेला. डॉक्टरांनी सगळ्यांना बाजूला केलं आणि काही न विचारता जमिनीवर बसून सिद्धाप्पाचा उजवा पाय उचलून मांडीवर घेतला. ह्या खेपेला सिद्धाप्पानं पाय ओढला नाही. त्याच्यात तेवढी ताकद नव्हती. तो नुसता डॉक्टरांच्या डोक्याकडं बघत राहिला आणि त्याच्या गालावरनं पाणी ओघळलं.

अंगठ्याच्या खाली तळव्याला रुपयाएवढं भोक पडलं होतं. भोवतीनं काळं.

"हे आजचं न्हाय. महिन्याभराचं हाय," डॉक्टर म्हणाले. मग हळूच, "आवा, रोज बघत हुतासा न्हवं?"

"बघत हुते."

डॉक्टरांनी पाय खाली टेकवला. मग त्यांनी तिच्यापुढं दोन हात लांब आपला हात धरला. "किती बोटं हायती?"

शिवम्मानं मान थोडी तिरकी केली, डोळे बारीक केले. "तीन," ती म्हणाली.

डॉक्टरांनी हात खाली घेतला. त्यांची मूठ मिटलेली होती. पवित्रा भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

मोठ्या दवाखान्यात चौथ्या दिवशी पाय गुडघ्याखाली कापला. पण विष वर चढलं होतं. ताप हटेना. डॉक्टरस्वामी दिवसातनं दोनदा येऊन बसायचे. संगमेशला एकदा म्हणाले, "पहिल्याच दिवशी जबरदस्तीनं पाय धरायला पाहिजे हुता मी. देव करून बसवलं मला, आणि मी बसलो."

आठव्या दिवशी संध्याकाळी सिद्धाप्पाला जरा शुद्ध होती. त्यानं शिवम्माला खूण केली. "आरसा आणलायस?"

तिच्या पिशवीत होता. का आणला होता ते तिलाही सांगता आलं नसतं.

"बघ की मग. एक तर हाय अजून."

ती खाटेच्या पायथ्याला गेली. चादर सारली. उरलेला डावा पाय हातात घेतला. थंड होता. तिनं आरसा धरला, दुधट काहीतरी बघितलं, आणि तोंडात आलेला शब्द तिला बोलवेना. आरसा तिनं चादरीवर ठेवून दिला.

"मला दिसत न्हाय, अवो," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली. काय सुदिक दिसत न्हाय मला. मी खोटंच म्हणत हुते."

सिद्धाप्पानं डोळे मिटून घेतले. तिला वाटलं, आता तोंड फिरवणार.

"ठावं हाय मला," तो म्हणाला.

"काय?"

"गेल्या दिवाळीत आरसा उलटा धरला हुतास. पाठ माझ्या पायाकडं. आन म्हणालीस निर्मळ हाय." त्याला दम लागला. जरा थांबून म्हणाला, "सांगितलं असतं तर पवित्रानं बघाय सुरू केलं असतं. मग तू कशाला बसली असतीस माझ्याजवळ?"

शिवम्मानं त्याच्या पायावर डोकं टेकलं आणि रडली. वॉर्डातल्या बायाबापड्या बघत होत्या, तिनं कुणाची लाज धरली नाही. साठीला आलेली दोन माणसं, एकाच घरात, एकाच गोष्टीला भ्यालेली, आणि दोघांनीही तोंड मिटून ठेवलेलं. ह्याला काय म्हणायचं? प्रेम म्हणावं तर पाय गेला. मूर्खपणा म्हणावं तर म्हणवत नाही.

अकराव्या दिवशी सिद्धाप्पा गेला.

लिंगायताला मांडी घालून बसवून माती देतात. एक पाय अर्धा, मांडी बसेना. संगमेशनं पांढऱ्या कापडाची घडी करून खाली सारली तेव्हा तो नीट बसला. थोरले स्वामी कुरुंदवाडहून आले होते. त्यांनी रीतीप्रमाणं सिद्धाप्पाच्या मस्तकावर आपला पाय टेकवला आणि मंत्र म्हटला. डॉक्टरस्वामी लांब लिंबाखाली उभे होते, जवळ आले नाहीत.

उन्हाळ्यात शिवम्माच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. संगमेशनं विचारलं नाही, नेलं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि तिला सगळ्यात आधी पवित्राचं तोंड दिसलं. किती वाळली ही पोर, असं तिच्या मनात आलं. घरी आली. रिक्षातून उतरून दारात पाऊल टाकलं आणि तिथंच थांबली.

दाराच्या कोपऱ्यात सिद्धाप्पाच्या चपला होत्या. कातडी, खाली टायरचा तळ मारून घेतलेला. उचलायचं कुणाच्या जिवावर आलं नव्हतं. तिनं उजव्या पायाची चप्पल हातात घेतली. अंगठ्याच्या जागी खालून एक बारीक खिळा वर आला होता, गव्हाच्या दाण्याएवढा. भोवतीनं कातडं काळं पडलं होतं. दारालगतच्या त्या खुर्चीपासून दोन पावलांवर ही चप्पल होती. रोज संध्याकाळी तो काढायचा, रोज सकाळी ती केर काढताना उचलून सरळ करून ठेवायची.

तिनं चप्पल पुन्हा जागेवर ठेवली. खिळा कुणाला दाखवला नाही.

जूनच्या पहिल्या बुधवारी पावणेचारला ती एकटीच दवाखान्यात जाऊन बाकावर बसली. नर्सबाईंनी विचारलं, "कुणाबरोबर आलासा?"

"माझा कागद काढा," शिवम्मा म्हणाली.

नर्सबाईंनी नाव लिहिलं, वय लिहिलं. पुढं 'काय होतंय' अशी जागा होती. त्या थांबल्या.

"काय हुत न्हाय," शिवम्मा म्हणाली. "तसंच लिवा."

डॉक्टरांनी दाब बघितला, डोळे बघितले, बोटातनं रक्त घेतलं. शुगर थोडी वर होती. फार नाही, पण होती. त्यांनी तिला ते सांगितलं आणि मग टाचणी-कापसाचा डबा हातात घेऊन घुटमळले.

शिवम्मानंच चपला काढल्या. तिचे हात जोडले गेले, ओठ हलले, थोरल्या स्वामींची क्षमा मागितली का आणखी कुणाची, कोण जाणे. मग लुगडं घोट्यावर सारून तिनं आपला उजवा पाय जंगमाच्या पोरापुढं धरला. डॉक्टर खाली बसले. पाय मांडीवर घेतला. तळवा बघितला, टाच बघितली, बोटं वेगळी केली. मग डावा.

"निर्मळ हायत, आवा," ते म्हणाले.

तिनं पाय मागं घेतला नाही.

"नीट बघा, स्वामी," ती म्हणाली. "परत एकदा बघा. मीबी रोज असंच म्हणत हुते."